मूळ फाईल

आधी बॅटरीला चार्जर लावायचा.
लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं
तर गाडीचा मेंदू कोराच राहतो,
मग टो-ट्रकवाल्या गुल जमानचे पाय धरावे लागतात.
हे मी प्रत्येकाला सांगतो. देवस्थळींनाही सांगितलं.
खुर्ची असून ते उभेच, गळ्यात कंपनीचं कार्ड.
शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा,
रात्रीचे साडेदहा, शटर अर्धं खाली.

गाडी लीजची. तीन वर्षांतले अकरा महिने सरलेले.
करारातली बारीक अक्षरं त्यांनीच दाखवली:
इंजिनात कसलाही फेरफार चालणार नाही.
"मुकादम, तुम्ही तर बॉनेटसुद्धा उघडलं नाहीत!"
विनोद करून झाला की माणूस घाबरतो.
म्हटलं, जुनं सगळं आधी उतरवून घेतो,
परत करायच्या वेळी या, होतं तसं घालून देतो.
कुणाला वासही येणार नाही.

पडद्यावर आकडे, उभे-आडवे, पाढ्यांच्या पाटीसारखे:
इतक्या फेऱ्यांना इतकी हवा, इतकं पेट्रोल,
ठिणगी इतकी आधी.
जर्मनीची तयार फाईल स्वस्तात मिळते,
पण ती थंड हवेची.
ऑगस्टात इथं इंजिन अठ्ठेचाळीस डिग्री श्वासात घेतं
आणि आतून कुणी सांडशी आपटावी तसं टकटकतं.
म्हणून ठिणगी दोन अंश मागे ओढायची.
चाळीस घोडे पुष्कळ झाले.
साठ मागतात. देत नाही.

बापाच्या लाँचला मेंदू नव्हता.
हर्णैच्या बंदरात त्यानं गव्हर्नरचं सील पकडीनं तोडलं,
स्प्रिंगला सायकलच्या ब्रेकची तार बांधली
आणि मोसमभर सगळ्यांच्या आधी लिलावाला पोचला.
जुनं काही उतरवून ठेवलेलं नव्हतं.
दुसऱ्या वर्षी क्रँक तुटला.
त्याचा तुकडा अजून आमच्या दाराला अडसर म्हणून आहे,
वाऱ्यानं आपटू नये म्हणून.

चाचणी मलीहाच्या रस्त्यावर, मध्यरात्रीनंतर.
उंटांच्या पाट्या, दोन्हीकडे वाळू, माझ्या मांडीवर लॅपटॉप.
तिसऱ्या गिअरला देवस्थळींनी पाय दाबला
आणि ते हसले, म्हणजे आधी ओरडले, मग हसले.
म्हणाले, घर भाड्याचं, सोफा भाड्याचा,
व्हिसा कंपनीचा, निदान एवढं तरी –
बहुतेक जण म्हणतात,
साधारण याच वळणाला.
मी पडद्याकडं बघत होतो. नॉक शून्य.
साडेनऊशे दिरहम, म्हटलं.

दोन वर्षांनी आले. गळ्यात कार्ड नव्हतं.
विमान परवाचं.
मागच्या सीटवर मुलीची गुलाबी सायकल,
कुणाला हवी का, दोनदा विचारलं.
मी फाईल शोधली, चार्जर लावला,
बावीस मिनिटांत चाळीस घोडे सोडून दिले.
"झाली? पहिल्यासारखी?"
अक्षर न् अक्षर, म्हटलं.

एक सांगितलं नाही.
त्या मेंदूत एक खाना असतो,
आपल्यावर कितीदा लिहिलं गेलं ते तो मोजतो.
तो फक्त चढतो.
कारखान्यातून आली तेव्हा एक,
मी लिहिलं तेव्हा दोन,
मी जुनं परत ठेवलं तेव्हा तीन.
लीजवाले ते बघत नाहीत.
टायर बघतात, ओरखडे, गालिच्यावरचा कॉफीचा डाग.
बघायचं ठरवलं तर दिसतं.

जाताना त्यांनी हात पुढं केला,
माझा ऑइलचा होता, मी कोपर दिलं.
पंधराशेनं, शिस्तीत, गाडी गल्लीबाहेर गेली.
आवाजातला फरक मला कळला.
त्यांनाही कळला असेल.

सायकल गुल जमाननं नेली,
कार्गोनं गावी पाठवतो म्हणाला, पोरगी सात वर्षांची आहे.
बाजूची दोन आधारचाकं मात्र काढून
माझ्याकडं दिली. तिला लागणार नाहीत म्हणे.
पेनड्राइव्हच्या डब्यात ठेवलीत.